पहिला प्रयोग झाला, चौथ्याचे काय?

पावसाळा ओसरू लागला की पुण्याच्या वर्तमानपत्रांतील कार्यक्रमांच्या स्तंभात नव्या नाटकांची नावे दिसू लागतात. शनिवार पेठेतील सुदर्शन रंगमंच, हिराबागेतील ज्योत्स्ना भोळे सभागृह, त्याच परिसरात नव्याने साकारलेला श्रीराम लागू रंग-अवकाश, 'द बॉक्स'सारखे खासगी प्रयत्नातून उभे राहिलेले मंच, ही या नाटकांची घरे. बालगंधर्व रंगमंदिराची आसनसंख्या हजाराच्या घरात जाते. येथे शे-दोनशे प्रेक्षक आले की सभागृह भरले. नटाला ध्वनिक्षेपक लागत नाही, आणि पहिल्या रांगेतील प्रेक्षकाला नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो. या छोट्या नाट्यगृहांत दर हंगामात नवी नाटके उभी राहतात, नवे लेखक उजेडात येतात, ही कोणत्याही शहराने अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे. यंदाचा हंगामही त्याला अपवाद नाही.

तथापि या अभिमानाला एक दुखरी बाजू आहे, आणि तिची चर्चा सहसा होत नाही. नव्या नाटकाचा पहिला प्रयोग तुडुंब भरतो. दुसऱ्यालाही बरी गर्दी असते. तिसऱ्याला मागच्या दोन रांगा रिकाम्या दिसतात. चौथ्या प्रयोगाला पंचवीस-तीस माणसे येतात आणि पाचव्याची तारीख 'लवकरच कळवू' या आश्वासनावर लांबते. ती बहुधा कधीच कळवली जात नाही. दोन-अडीच महिने रात्री जागून बसवलेले नाटक पाच प्रयोगांत इतिहासजमा होते. मग त्याच संस्थेचे तेच तरुण पुढच्या हंगामासाठी नवी संहिता हाती घेतात. प्रारंभांचा असा सुकाळ आणि सातत्याचा असा दुष्काळ, हे आजच्या छोट्या रंगभूमीचे खरे चित्र आहे.

ओळखीचा प्रेक्षक, अनोळखी प्रेक्षक

चौथ्या प्रयोगालाच असे का व्हावे? याचे उत्तर फारसे गूढ नाही. पहिल्या तीन प्रयोगांना येणारा प्रेक्षक हा मुख्यतः ओळखीचा असतो. नटांचे आईवडील, भावंडे, कचेरीतील सहकारी, महाविद्यालयातील मित्र, इतर नाट्यसंस्थांतील कार्यकर्ते, असे हे वर्तुळ. आठ नटांचे नाटक असेल तर हे वर्तुळ तीनशे-साडेतीनशे माणसांचे होते. शंभर खुर्च्यांच्या सभागृहात ते तीन प्रयोगांत संपते. ज्याने नटाचे नाव ऐकलेले नाही, लेखक कोण हे ज्याला ठाऊक नाही, केवळ नाटक चांगले आहे असे कोणाकडून तरी कळल्यामुळे जो संध्याकाळी घराबाहेर पडतो, तो अनोळखी प्रेक्षक तोवर वाटेवरच असतो. त्याच्या कानावर नाटकाची वार्ता जाईपर्यंत नाटक बंद झालेले असते. एक प्रेक्षक संपलेला आणि दुसरा अजून न आलेला, या दोहोंमधल्या फटीत दर हंगामातील बहुतेक नवी नाटके नाहीशी होतात.

ही केवळ उत्पन्नाची हानी नव्हे. ओळखीचा प्रेक्षक प्रेमळ असतो. तो नेमक्या जागी हसतो, शेवटी उभा राहून टाळ्या वाजवतो आणि बाहेर आल्यावर 'छान झाले' म्हणतो. नाटकाचा दुसरा अंक लांबला आहे, अमुक पात्राचे बोलणे कळत नाही, शेवट ओढून आणल्यासारखा वाटतो, हे सांगण्याची त्याच्यावर सक्ती नसते. अनोळखी प्रेक्षकावर मात्र कोणाचेच ऋण नसते. तो खुर्चीत चुळबुळतो, खोकतो, घड्याळाकडे पाहतो. त्याचे हे चुळबुळणे हीच नाटककाराची खरी शाळा. रविवारी ज्या वाक्यावर हशा झाला त्या वाक्यावर बुधवारी शांतता का पसरली, हा प्रश्न नटाला पडतो तो आठव्या-दहाव्या प्रयोगाच्या सुमारास. प्रवेश कोठे कापायचा, थांबा किती घ्यायचा, प्रकाश कोणत्या क्षणी मंद करायचा, हे तालमीत ठरत नाही. ते प्रेक्षकांच्या समोर, प्रयोगागणिक ठरत जाते. पाच प्रयोगांत बंद पडलेले नाटक म्हणजे अर्धवट लिहिलेले नाटक होय. ते चांगले होते की वाईट, हेही मग कोणाला सांगता येत नाही.

मराठीत 'नाटक पडले' असा वाक्प्रचार रूढ आहे. पण पडण्यासाठी आधी उभे राहावे लागते. छोट्या नाट्यगृहांतील अनेक नाटके पडत नाहीत. त्यांना उभे राहण्यास पुरेसा अवधीच मिळत नाही.

एकोणिसाव्या प्रयोगानंतर

याच शहराच्या इतिहासात एक उदाहरण असे आहे की, ते या संदर्भात पुन्हा आठवावे. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने रंगभूमीवर आणले. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंदांचे नृत्यदिग्दर्शन आणि मोहन आगाशे यांचा नाना फडणवीस, ही त्या प्रयोगाची बलस्थाने. नाटकावर इतिहासाच्या विपर्यासाचा व जातिद्वेषाचा आरोप झाला, आणि एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवले. तेथेच ते संपले असते तर आज त्याचा उल्लेख वादग्रस्त ठरलेले एक नाटक एवढाच झाला असता. परंतु त्यातील तरुण मंडळी संस्थेतून बाहेर पडली, १९७३मध्ये त्यांनी 'थिएटर अकॅडमी' स्थापन केली आणि १९७४च्या जानेवारीत नाटक पुन्हा सुरू केले. १९८०मध्ये ते युरोपच्या दौऱ्यावर गेले.

भरत नाट्य मंदिर हे छोटे नाट्यगृह नव्हे, आणि 'घाशीराम' हे पाच-सहा नटांचे नाटकही नव्हे. तरीही या उदाहरणातील बोध लहान-मोठ्या सर्व नाटकांना सारखाच लागू पडतो. त्या मंडळींनी नवे नाटक शोधले नाही. जुने सोडले नाही. विसाव्या प्रयोगासाठी त्यांनी एक नवी संस्था उभी केली. त्यांत कोणी धंदेवाईक नाटकवाले नव्हते. जब्बार पटेल व मोहन आगाशे हे वैद्यकीय व्यवसायातले. 'महानिर्वाण' आणि 'बेगम बर्वे' ही नाटके याच संस्थेसाठी लिहिणारे सतीश आळेकर वैद्यकीय महाविद्यालयात संशोधनाच्या कामावर. नोकरी सांभाळून नाटक करणाऱ्यांना सातत्य राखता येत नाही, ही सबब त्यांनी स्वतःपुरती तरी खोटी ठरवली.

मुंबईतही याच काळात वेगळ्या मार्गाने हाच प्रश्न सुटू पाहत होता. १९६०मध्ये स्थापन झालेल्या 'रंगायन'ने विजया मेहतांच्या नेतृत्वाखाली सभासद-प्रेक्षकांच्या बळावर प्रयोग केले. तिकीटबारीचे भय नसल्याने अपरिचित नाटकांना हात घालण्याचे धैर्य त्या संस्थेला लाभले. पुढे अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे प्रभृतींनी १९७१मध्ये 'आविष्कार' ही संस्था काढली आणि १९७४पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू झाले. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. लाकडी खुर्च्या, पंख्यांची घरघर, खालच्या रस्त्यावरचा दादरचा गजबजाट, अशा परिस्थितीत त्या सभागृहाने मराठी नाटकाला दीड दशकाहून अधिक काळ एक पत्ता दिला. 'आविष्कार'ने ती जागा स्वतःपुरती राखून ठेवली नाही. बादल सरकारांचे 'जुलूस' अमोल पालेकरांनी तेथे केले. इतर संस्थांना आणि पुण्याच्या मंडळींनाही तेथे वाव मिळाला. आज कोणते नाटक आहे हे ठाऊक नसतानाही त्या जिन्याने वर जाणारा प्रेक्षक तेथे घडला. त्याची ओळख नटांशी नव्हती. त्या जागेशी होती. अनोळखी प्रेक्षक मिळवण्याचा याहून खात्रीचा मार्ग अद्याप कोणाला सापडलेला नाही.

जुहूचे पृथ्वी थिएटर ५ नोव्हेंबर १९७८ रोजी उघडले, तेही याच तत्त्वावर. गो. पु. देशपांडे यांच्या 'उद्ध्वस्त धर्मशाळा' या मराठी नाटकाच्या हिंदी प्रयोगाने त्याचा पडदा उघडला, ही मराठी वाचकाला सुखावणारी गोष्ट आहे. दोनशेच्या आसपास आसनांच्या त्या नाट्यगृहात सोमवार वगळता जवळपास रोज प्रयोग असतो. 'आज पृथ्वीला काय आहे?' हा प्रश्न मुंबईत सहज विचारला जातो. 'आज सुदर्शनला काय आहे?' हा प्रश्न पुण्यात ठरावीक मंडळींच्या बाहेर किती जण विचारतात?

स्पर्धेने लावलेली सवय

या दुखण्याचे एक मूळ आपल्या एका मोठ्या गुणातच आहे, असे म्हटले तर अनेकांना ते रुचणार नाही. महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३पासून चालू आहे. राज्य नाट्यस्पर्धा तर १९५४पासून. या दोन स्पर्धांनी मराठी रंगभूमीला किती लेखक, नट व दिग्दर्शक दिले याची मोजदाद करणे कठीण. 'अरे आव्वाज कोणाचा' या आरोळीने भरत नाट्य मंदिर दुमदुमले की कोणाही पुणेकराचा ऊर भरून येतो. स्पर्धा नसत्या तर असंख्य तरुणांनी रंगमंचावर पाऊलच ठेवले नसते, हे निर्विवाद आहे.

परंतु स्पर्धा माणसाला एका रात्रीसाठी तयार करते. दोन महिने तालीम, एक प्राथमिक फेरी, नशीब असेल तर अंतिम फेरी, आणि निकाल. त्या एका तासात सारे काही सिद्ध करायचे असते; त्यामुळे धक्का देणारा शेवट, ठळक नेपथ्य, टाळ्यांची वाक्ये यांकडे ओढा वाढतो. प्रेक्षागृहात बसलेले असतात ते आपल्या महाविद्यालयाचे पाठीराखे आणि समोर परीक्षक. अनोळखी प्रेक्षक तेथेही नसतो. असे घडलेले तरुण पदवी घेऊन बाहेर पडतात, संस्था काढतात आणि छोट्या नाट्यगृहात पूर्ण लांबीचे नाटक करतात, तेव्हा अजाणता ते त्याही नाटकाला स्पर्धेसारखेच वागवतात. पहिला प्रयोग ही त्यांच्या दृष्टीने अंतिम फेरी असते. ती पार पडली की मनातून नाटक संपलेले असते. मग पाचव्या प्रयोगाला एखाद्या नटाला मालिकेच्या चित्रीकरणासाठी मुंबईस जावे लागते, दुसऱ्याची कचेरीत बदली होते, आणि त्यांच्या जागी नवा नट उभा करण्याचा उत्साह कोणातच उरलेला नसतो.

हिशोबाची वही

दुसरे मूळ पैशात आहे. त्याचा हिशोब एकदा तरी मांडून पाहावा. समजा, शंभर खुर्च्यांचे सभागृह आहे आणि तिकीट दोनशे रुपयांचे. सर्व खुर्च्या भरल्या तर वीस हजार रुपये जमतात. त्यातून सभागृहाचे भाडे, नेपथ्य वाहून आणणारा टेंपो, प्रकाशयोजनेची सामग्री, रंगभूषा, चहा-नाश्ता आणि जाहिरात हा खर्च भागवायचा. नटांच्या हाती रिक्षाचे भाडे पडले तरी पुष्कळ. चौथ्या प्रयोगाला तीस माणसे आली तर सहा हजारच जमतात. खर्च मात्र तितकाच राहतो. महिन्यातून एकदा एक शनिवार, अशी तारीख मिळत असेल तर प्रत्येक वेळी नेपथ्य गोदामातून काढायचे, उभारायचे, मोडायचे आणि परत न्यायचे. दोन प्रयोगांमध्ये महिना गेला की नट वाक्ये विसरतात. पुन्हा तालीम, पुन्हा तालमीच्या खोलीचे भाडे. या गणितात कोणतीही निष्ठा फार काळ तग धरू शकत नाही.

शासनाची नाट्यनिर्मितीला अनुदान देणारी योजना आहे, आणि ती असावीच. पण निर्मितीला मिळालेले साहाय्य हे मुख्यतः पहिला प्रयोग उभा राहावा यासाठी उपयोगी पडते. छोट्या रंगभूमीची अडचण पहिल्या प्रयोगाची नाहीच. ती चौथ्यापासून पुढची आहे.

मार्ग काय?

यावर उपाय नाहीत असे नाही, आणि ते फार खर्चिकही नाहीत. पहिला उपाय नाट्यगृहांच्या चालकांच्या हाती आहे. बारा नाटकांना बारा वेगवेगळे शनिवार वाटण्याऐवजी चार नाटकांना सलग तीन-तीन आठवडे, शुक्रवार ते रविवार, द्यावेत. नेपथ्य एकदाच लागेल. पहिल्या आठवड्यात ओळखीची माणसे येतील, दुसऱ्यात त्यांनी सांगितलेली, आणि तिसऱ्यात तो अनोळखी प्रेक्षक. ठरलेल्या भाड्याऐवजी तिकिटांच्या उत्पन्नातील वाटा घेण्याची पद्धत ठेवली तर नाटक चालण्यात सभागृहालाही रस राहील. हंगामात नव्या नाटकांची संख्या यामुळे घटेल, हे खरे. पण घटलेली संख्या म्हणजे घटलेली रंगभूमी नव्हे.

दुसरा उपाय शाळांच्या हाती आहे. छबिलदासचा धडा असा की, नाट्यगृह बांधावेच लागते असे नाही. पुण्याच्या पेठांत आणि उपनगरांत कितीतरी शाळांची सभागृहे संध्याकाळी सहानंतर कुलूपबंद असतात. त्यांतील दोन-चार जरी वाजवी दरात नाट्यसंस्थांना नियमाने मिळाली, तरी कोथरूड वा हडपसरच्या प्रेक्षकाला शनिवार पेठेपर्यंत येण्याचे कारण उरणार नाही. शिक्षकवर्गाने मनावर घेतले तर व्यवस्थापनाशी बोलणे त्यांना अवघड नाही. शाळेच्या जिन्यावर नाटकाचा फलक लागणे ही मुलांच्या दृष्टीनेही वाईट गोष्ट नव्हे.

तिसरा उपाय परीक्षणांचा. वृत्तपत्रीय समीक्षा आजही पहिल्या प्रयोगावर बेतलेली असते. नाटक जेव्हा सर्वांत कच्चे असते आणि सभागृह सर्वांत प्रेमळ, त्या रात्री समीक्षक येतो, लिहितो आणि पुन्हा फिरकत नाही. त्याने दहाव्या प्रयोगाला जाऊन काय बदलले हे लिहिले, तर नाट्यसंस्थेलाही दहाव्या प्रयोगापर्यंत जाण्याचे एक निमित्त मिळेल.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, ही नाटके दुर्बोध असतात. सामान्य प्रेक्षक येत नाही यात नवल ते काय? यात तथ्याचा अंश आहे. काही नाटके आपल्याच वर्तुळासाठी लिहिलेली असतात, त्यांतील संकेत वर्तुळाबाहेरच्याला कळत नाहीत. पण हे कारण आहे की परिणाम? ज्या लेखकाने अनोळखी प्रेक्षक कधी पाहिलाच नाही, तो त्याच्यासाठी लिहिणार कसा? उलट, अनोळखी प्रेक्षकाकडे स्वतःहून चालत गेलेल्या नाटकाचे उदाहरणही जवळच आहे. २०१२मध्ये राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले आणि नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेले 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' जालन्याच्या कलावंतांनी केले. महाराष्ट्रभर त्याचे शेकडो प्रयोग झाले. विषय सोपा नव्हता, चेहरे प्रसिद्ध नव्हते; नाटक मात्र थांबले नाही.

दुसरा आक्षेप असा की, सुमार नाटकालाही तीन आठवडे का द्यावेत? याचे उत्तर साधे आहे. पहिल्या प्रयोगाला कोणते नाटक सुमार हे ओळखता येत नाही. नऊ प्रयोगांनंतर ते निःसंशय कळेल, आणि ते कळणे हाही लाभच आहे. आपले नाटक का फसले हे नीट समजलेला लेखक पुढचे नाटक वेगळे लिहितो. पाच प्रयोगांनंतर 'प्रेक्षक मिळाला नाही' असे म्हणणारा लेखक तेच नाटक पुन्हा लिहितो.

शेवटी प्रश्न उरतो प्रेक्षकाचा. मराठी प्रायोगिक रंगभूमी ज्यांनी जगवली ते धनिक नव्हते. बँकेतले कारकून, शाळेतले मास्तर, वसतिगृहातले विद्यार्थी, परिचारिका, छापखान्यातले जुळारी असा तो वर्ग होता. कचेरी सुटल्यावर घरी न जाता तो परस्पर नाटकाला जाई आणि परतीच्या वाटेवर भांडत भांडत नाटकाची चिरफाड करी. त्या वर्गाची नातवंडे आजही याच शहरात आहेत. मार्च २०२०मध्ये नाट्यगृहे बंद पडली, तेव्हा रंगभूमी पुन्हा उभी राहील की नाही अशी शंका अनेकांना होती. ती उभी राहिली आहे, नवी सभागृहेही झाली आहेत. आता उणीव आहे ती बोलावणे न येता जाणाऱ्या माणसाची. या हंगामात एखाद्या नव्या नाटकाचे नाव वाचनात आले, तर पहिल्या प्रयोगाची गर्दी ओसरू द्यावी, प्रवेशिकेची वाट पाहू नये आणि चौथ्या प्रयोगाचे तिकीट स्वतःच्या पैशाने काढावे. त्या रात्री सभागृहात तीसऐवजी साठ माणसे दिसली, तर पाचव्या प्रयोगाची तारीख 'लवकरच कळवू' अशी राहणार नाही. ती त्याच रात्री रंगमंचावरून सांगितली जाईल.